पोरीला पोराचं नाव: कोकणातली पार्श्वभूमी

हल्ली कोकणात बारशाच्या आधी एक वाद बऱ्याच घरांत होतो. मुलगी झालेली असते, आईबापांनी वेद, कबीर, ईशान, युग असलं काहीतरी पक्कं केलेलं असतं, आणि जिने पाळण्यात वाकून कानात नाव सांगायचं ती आत्याच अडून बसते, ‘ह्या तर झिलाचा नाव’, म्हणजे हे तर मुलाचं नाव. मग खापर फुटतं मुंबईवर नाहीतर पुण्यावर, तिकडची हवा लागली म्हणून. यात तथ्य अर्धंच आहे, कारण पोरीला पोराचं नाव ही गोष्ट आपल्याकडे आधीपासून आहे, बदललंय ते कारण आणि त्याहून जास्त म्हणजे ते नाव टिकतं किती वर्षं ते.

फार मागचं थोडक्यात सांगतो. धोंडू, दगडू ही नावं कशासाठी ठेवत ते सगळ्यांना माहीत आहे, आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला दगडधोंडा म्हणायचं म्हणजे कुणाची नजर जायला नको. पण हीच नावं मुलींनाही ठेवली जायची. धोंडूताई, दगडूबाई, कोंडाबाई या बायका काही गोष्टीतल्या नाहीत. मूळ नाव पुरुषाचं, मागे ताई किंवा बाई लावली की काम झालं. उलट दिशेलाही तेच, मुलग्याचं नाक टोचून नथ घालायची आणि त्याला नथू म्हणायचं, मुलगी समजून यम पुढे जाईल म्हणून. (यात मुलीची किंमत काय धरली होती ते वेगळं सांगायला नको.) आणि सीताराम, गंगाराम, तुळशीराम हे तर गावोगावचे आजोबा, नावात अख्खी बाई घेऊन फिरले आणि कुणाला काही वाटलं नाही. म्हणजे नाव बाईचं की पुरुषाचं हे नुसत्या नावावरून ठरतच नव्हतं, ते ठरायचं मागेपुढे काय लावलंय त्यावरून. राव, पंत, जी एकीकडे आणि बाई, ताई, आक्का दुसरीकडे.

बारशातही हे दिसतं. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या वरून खालून फिरवतात ना, आमच्याकडे मुलगी असली तरी तेच म्हणतात, तिचं स्वतःचं नाव कानात पडायच्या आधी ती चारपाच वेळा गोविंद होऊन गेलेली असते.

मग आला मुलगा हवा हा प्रकार. दोन मुली झाल्या, तिसरीही मुलगीच, तर तिला मुलाचं नाव द्यायचं, बॉयकट करायचा, शर्टपँट घालायची, घरात बाबू म्हणायचं, म्हणजे पाठीवर भाऊ येतो असा समज. जुन्या अल्बममध्ये असे फोटो निघतात, तीन बहिणी ओटीवर उभ्या, दोघी परकर पोलक्यात आणि धाकटी खिशाला पेन लावून. घाटावर याचं जास्त बोचरं रूप होतं, तिथे मुलीला सरळ नकुशाच म्हणायचे, साताऱ्यात २०११ साली पावणेतीनशेहून जास्त मुलींना जाहीर कार्यक्रमात नवीन नावं दिली गेली ते पेपरात सगळीकडे आलं होतं. कोकणात इतकं उघड नाव मी तरी ऐकलेलं नाही, पण म्हणून आपण फार पुढारलेले असं कुणी समजू नये, पोराचं नाव देऊन वाट बघणं हे त्याचंच सभ्य रूप होतं.

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यावर कुणी फार बोलत नाही. हे पोराचं नाव टिकायचं कुठपर्यंत तर लग्नापर्यंत. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहायचा, ते सगळ्यांना दाखवायचं, पेढे वाटायचे, आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव फक्त माहेरी. आडनाव आणि मधलं नाव तर बदलायचंच पण पहिलं नावसुद्धा. त्यामुळे बापाने हौसेने म्हणा की नवसाने म्हणा, काहीही नाव ठेवलं तरी सासरी गेल्यावर ती सुनंदा नाहीतर सुहासिनी होणार हे ठरलेलं. म्हणून तेव्हा वाद होत नसत. वीसेक वर्षांसाठीच्या नावावर कोण भांडेल?

माझ्या माहितीतला खरा बदल १९७०-८० नंतरचा. त्याच्या आधीच्या पिढीत शिकलेल्या घरांतून विजयचं विजया, अरुणचं अरुणा, प्रमोदचं प्रमोदिनी असं व्याकरणात बसवून घ्यायची पद्धत होती, बाई मागे पडली आणि तिच्या जागी काना किंवा वेलांटी आली. पुढे चाकरमान्यांबरोबर मुंबईहून सुटसुटीत नावं यायला लागली, किरण, शीतल, स्नेहल, मृणाल, कोमल. गणपतीला नाहीतर शिमग्याला माणूस आला की येताना नाव घेऊनच यायचा. यातलं किरण सगळ्यात गंमतीचं, कारण मराठीत किरण हा पुल्लिंगी, ‘तो किरण’, आणि तेव्हा वर्गात एक किरण मुलगा आणि एक किरण मुलगी हमखास. शाळेच्या कॅटलॉगात आधी मुलगे, रेघ मारून मग मुली, नवीन गुरुजी आले की मुलगी किरण वरच्या यादीत जाऊन बसायची, ‘किरण आला नाही का?’ म्हटलं की अख्खा वर्ग ओरडायचा ‘आली, आली’. इंग्रजीत झाकून जाईल पण मराठीत क्रियापद लगेच चुगली करतं. कोकणी मुसलमान घरांत नसीम, शमीम ही नावं दोघांनाही चालतात, तिथे इतका गोंधळ कुणी घालत नाही.

त्याच सुमाराला मुलींनी तांदळातलं नाव नको म्हणायला सुरुवात केली. कारण साधं, मार्कलिस्ट, नोकरीची ऑर्डर, बँकेचं पासबुक सगळं माहेरच्या नावावर. लग्न झालं म्हणून बाईने नाव बदललंच पाहिजे असा कायदा नव्हता, आजही नाही, पण बदललं की राजपत्र, प्रतिज्ञापत्र, फोटो, झेरॉक्स ही वरात सुरू. ताट तांदळाचं तसंच राहिलं पण नवरा त्यात तिचंच नाव लिहायला लागला. आणि मग पोराचं नाव जन्मभरासाठी झालं. पत्रिकेत चि. सौ. कां. लागलं की कळायचं नवरी कोण, पण सासऱ्याच्या रेशनकार्डावर नाव चढवताना कारकून विचारणारच, ‘हा कोण?’

जमिनीचंही यात आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशभर २००५ ला. कोकणातल्या सातबाऱ्यावर भाऊबंदांची वीस वीस नावं, नुसतं नाव, बापाचं नाव, आडनाव. त्या रांगेत किरण किंवा शीतल बाई आहे की बुवा हे वारस तपासाचे कागद काढल्याशिवाय समजत नाही. हक्कसोडपत्रावर सही घ्यायला येणाऱ्या भावांना मात्र नाव पोराचं असलं तरी बहीण बरोबर ओळखू येते.

सगळ्यात जास्त घोळ मात्र २०२४ च्या निर्णयाचा. त्या मार्चमध्ये राज्य सरकारने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं. चांगला निर्णय, मी बाजूने आहे, आणि ‘नाव लांबतं, फॉर्मच्या चौकटीत मावत नाही’ ही तक्रार मला तरी बहाणाच वाटते. पण पुढचं वाचा. लग्न झालेल्या बाईसाठी रीत जुनीच ठेवली, तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, मिळकतीच्या कागदांवर लग्नाआधीचं नाव लावायची तेवढी मुभा. म्हणजे जन्माला येताना आईचं नाव मिळालं ते लग्नात पुन्हा गळणार. जिने पहिलं नाव राखायला एवढी खटपट केली तिला मधलं राखता येत नाही. दुसरी बाजू म्हणते की निर्णय मुलांच्या नावापुरता होता, बायकांचा प्रश्न त्यात ओढू नका, एका झटक्यात सगळं बदललं तर जुने नवे कागद जुळणार नाहीत. ते पटण्यासारखं आहे असं मला वाटत नाही, कागद जुळत नाहीत हे आपल्याकडे बाईच्याच नावाबाबत का सांगतात?

आणि पोराच्या नावाच्या मुलीचा यात काय संबंध, तर ‘वेद’ च्या पुढे आईचं नाव आलं म्हणून ती मुलगी हे कळत नाही, मुलग्याच्याही पुढे आईचंच येणार. लिंगाचा रकाना जन्मदाखल्यावर आणि आधारवर आहेच, तेवढाच आधार. पंचायतीत दाखल्यासाठी गेलं की नाव ऐकून लिंग गृहीत धरू नका एवढं सांगायचं आणि कागद हातात आला की तिथेच वाचून घ्यायचा, घरी येऊन नाही. आत्या ऐकतच नसेल तर घाई करायचं कारण नाही, जन्माची नोंद नावाशिवाय होते, बारा महिन्यांत नाव भरलं तर फी लागत नाही, नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत भरता येतं.

एक मात्र खरं की वाहतूक एकेरी आहे. पोरांची नावं पोरींकडे येतायत, पोरींची पोरांकडे जात नाहीत, आणि एकदा नाव पोरींकडे रुळलं की पोरांचे आईबाप ते सोडून देतात. आमच्या वयाचे शीतल नावाचे दोनचार पुरुष तरी भेटतील, आता मुलग्याला शीतल ठेवायला कुणी धजणार नाही. किरणही त्याच वाटेवर दिसतोय.