नावाचा वॉशर, कामाची स्प्रिंग

गोव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि त्या दोन महिन्यांत मालिमच्या जेटीवर ट्रॉलरांची डागडुजी चालते. अशाच एका ट्रॉलरच्या इंजिनाच्या पायाचे बोल्ट बदलले जात असताना मी तेथे उभा होतो. प्रत्येक नटाखाली एका जागी चिरलेला, किंचित पिळलेला स्प्रिंग वॉशर जात होता. तांडेल, म्हणजे ट्रॉलरचे प्रमुख, म्हणाले, "हा वायसर घातला की नट हलत नाही, म्हणून तर याला लॉक वॉशर म्हणतात." गेल्या हंगामात सैल झालेले जे दोन नट त्यांनी काढून ठेवले होते, त्यांच्याखालीही हेच वॉशर होते. वस्तूचे नाव हीच तिच्या कामाची हमी, असे मानण्याची सवय आपल्याकडे इतकी खोल आहे की डोळ्यांसमोरचा पुरावाही तिच्यापुढे फिका पडतो. हा लेख त्या सवयीमुळे लिहीत आहे.

यंत्राच्या भागांना नावे पडतात ती बहुधा रूपावरून, माणसावरून किंवा अपेक्षेवरून. नटाला इंग्रजीत कठीण कवचाच्या फळाचे नाव आहे, जर्मन भाषेत त्याला 'मुटर' म्हणजे आई म्हणतात, तर पोर्तुगीज भाषेत 'पोर्का', म्हणजे डुकरीण. वॉशरला पोर्तुगीज शब्द 'आनिल्या' आहे आणि त्याचा मूळ अर्थ लहान कडे. आपल्या मराठीतही चावी, बिजागरी, घमेले हे शब्द पोर्तुगिजांकडूनच आले आणि आज ते परके वाटत नाहीत. स्प्रिंगसाठी आपण जुना शब्द वापरतो तो 'कमान'. तो फारसीतून आला असून त्याचा अर्थ धनुष्य असा आहे. घड्याळाच्या कमानीपासून ट्रकच्या पाट्यांपर्यंत सर्व स्प्रिंगांचे पूर्वज धनुष्यच असल्यामुळे इतके समर्पक नाव मला दुसऱ्या कुठल्या भाषेत आढळलेले नाही.

माणसावरून पडलेल्या नावाचे उदाहरण मडगाव स्थानकात पायाखाली सापडते. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणारी पोलादी वेटोळ्याची क्लिप रेल्वेचे कर्मचारी 'पँड्रॉल क्लिप' म्हणून ओळखतात. तिची कल्पना नॉर्वेच्या पेर पांडे-रोल्फसेन या अभियंत्याची आणि त्यांच्या आडनावाचे दोन तुकडे जोडून हे नाव तयार झाले. नावात स्प्रिंगचा उल्लेखही नसला तरी ती क्लिप अस्सल स्प्रिंगच आहे.

आता तांडेलांच्या वॉशरकडे येऊ. बोल्ट घट्ट करणे याचा अर्थ त्याला ताणणे. १० मिलिमीटर व्यासाचा, ८.८ प्रतीचा पोलादी बोल्ट योग्य तितका आवळला तर त्यात सुमारे २५ किलोन्यूटन, म्हणजे अडीच टन वजनाइतका ताण येतो आणि ५० मिलिमीटर लांबीचा बोल्ट तेवढ्याने जेमतेम एक दशांश मिलिमीटर लांबतो. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला, ताण आणि लांबीवाढ यांच्या प्रमाणाचा नियम येथे लागू होतो, म्हणजेच जोडातील खरी स्प्रिंग बोल्टच आहे. चिरलेला वॉशर या अडीच टनांच्या अगदी लहानशा अंशालाच सपाट होतो आणि त्यानंतर तो साध्या चपट्या वॉशरसारखाच वागतो. नासाने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या फास्टनरविषयक, म्हणजे नट-बोल्टांसारख्या जोडणीच्या भागांविषयीच्या, मार्गदर्शिकेत असा वॉशर नट अडकवून ठेवण्यासाठी निरुपयोगी असल्याचे स्पष्टपणे लिहिले आहे. रशियन भाषेत त्याच वॉशरला 'ग्रोव्हर' हे एका इंग्रज अभियंत्याचे नाव आहे. तेथे नावातून कुलूप लावण्याचे आश्वासन निदान दिले जात नाही.

गंमत अशी की, ज्याला सगळे केवळ वॉशर म्हणतात असा एक भाग मात्र उत्कृष्ट स्प्रिंग आहे. तो म्हणजे बेलेव्हिल वॉशर. बेलेव्हिल हे तो बनणाऱ्या गावाचे नाव आहे, असे मला अनेकांनी सांगितले आहे. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'सुंदर नगर' असा होतो, हे खरे. परंतु येथे तो शब्द ज्युलियन बेलेव्हिल यांच्या आडनावाचा आहे, ज्यांनी १८६७ मध्ये फ्रान्समधील डंकर्क येथे अशा स्प्रिंगच्या रचनेचे पेटंट घेतले. जर्मनांनी मात्र रूपावरून 'टेलरफेडर', म्हणजे ताटली-स्प्रिंग, असे नाव ठेवले. बशीचा मधला भाग कापून काढला तर जी उथळ, शंकूच्या आकाराची चकती उरेल, तसा हा वॉशर दिसतो.

त्याला वरून दाबले की काय होते, हे समजून घेण्यासाठी वाऱ्यात उलटणारी छत्री आठवावी. छत्री आधी वाऱ्याला विरोध करते, एका क्षणी तो विरोध संपतो आणि मग ती स्वतःच्या जोरावर दुसऱ्या बाजूला पलटते. बेलेव्हिल वॉशरमध्ये दोन विरोध एकाच वेळी काम करतात. पहिला पत्र्याच्या जाडीचा: पत्रा वाकायला नाखूश असतो आणि दाबू तितका हा विरोध वाढतच जातो. दुसरा घेराचा: शंकू सपाट होऊ लागला की पत्र्याच्या तिरक्या पट्टीला आडवी जागा जास्त लागते, त्यामुळे बाहेरचा घेर ताणला जातो आणि आतला घेर आवळला जातो. हा दुसरा विरोध मात्र चकती पूर्ण सपाट होण्याच्या आधीच मंदावू लागतो, कारण सपाट अवस्थेत आडवी जागा कमाल असते आणि तेथून चकती कोणत्याही बाजूला सरकली तरी घेरांवरचा ताण सैल होतो. म्हणजे घेर चकतीला पुढे ढकलू पाहतो, तर जाडी तिला मागे खेचू पाहते.

या दोहोंपैकी कोण जिंकेल, हे शंकूची उंची आणि पत्र्याची जाडी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. अमेरिकेत आल्मेन आणि लास्लो यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या सूत्रात सपाट अवस्थेजवळची कडकपणाची किंमत जाडीच्या वर्गातून उंचीच्या वर्गाचा अर्धा भाग वजा केल्यावर जे उरते त्याच्या प्रमाणात येते. ही वजाबाकी शून्य झाली, म्हणजे उंची जाडीच्या २ च्या वर्गमूळाइतकी, १.४१ पट, असली की सपाट अवस्थेच्या आसपास चकती थोडी अधिक किंवा कमी दाबली तरी बल जवळजवळ तेच राहते. उंची ०.४ पटीपेक्षा कमी असेल तर ती सरळ, साध्या स्प्रिंगसारखी वागते. १.४१ पटीच्या वर चकती अधिक दाबत गेले तरी त्यासाठी लागणारे बल चक्क घटू लागते आणि २.८३ पटीच्या पलीकडे चकती छत्रीसारखी उलटून तशीच राहते, तिला परत आणायला उलट्या बाजूने बल द्यावे लागते. जॅमच्या बाटलीच्या झाकणावर मध्यभागी जो फुगवटा असतो आणि झाकण उघडताना 'टक्' असा आवाज करून वर येतो, तो याच कुळातला आहे. झाकण उघडेपर्यंत बाटलीतील निर्वात त्याला खाली धरून ठेवतो.

चोर्ला घाटात मोटार चढवताना डाव्या पायाखालचा क्लच हलका वाटतो, त्यामागेही हेच गणित आहे. आधुनिक क्लचमधील डायफ्रॅम स्प्रिंग ही आतल्या बाजूला चिरा पाडलेली बेलेव्हिल चकतीच असते. क्लचचे अस्तर झिजले की मळसूत्री वेटोळ्यांच्या साध्या स्प्रिंगचा दाब कमी होतो, पण ही चकती झिजेच्या बऱ्याच मोठ्या पल्ल्यात आपला दाब टिकवून धरते, आणि पॅडल दाबताना तो घटतो. चकत्या एकावर एक एकाच दिशेने रचल्या की बल वाढते, तोंडाला तोंड लावून रचल्या की तेवढ्याच बलात हालचाल वाढते, त्यामुळे एकाच मापाच्या चकत्यांमधून हवी ती स्प्रिंग बांधता येते. असे स्वातंत्र्य दुसरी कोणती स्प्रिंग देते, मला आठवत नाही.

किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत एक सावधगिरी मात्र पाळावी लागते. गंज टाळण्यासाठी अशा कडक पोलादावर विजेच्या साहाय्याने जस्ताचा मुलामा दिला आणि नंतर भाग पुरेसा तापवला नाही, तर धातूत शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो आणि चकती काही दिवसांनी आपोआप तडकते.

ट्रॉलरच्या नटाचा प्रश्न जर्मन अभियंते गेरहार्ड जुंकर यांनी १९६९ मध्ये सोडवला. त्यांनी दाखवले की नट सैल होतो तो मुख्यतः बोल्टला आडव्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांनी. जोड किंचित घसरला की आट्यांमधील घर्षण क्षणभर निष्प्रभ होते आणि आट्यांचा उतार नटाला उलटे फिरवतो. त्यामुळे जोड घसरूच न देणारा पुरेसा ताण हाच मुख्य उपाय आहे. बोनेटवर लिंबू-मिरची टांगून अपघात टळत नाहीत, तसेच पुरेसा ताण न देता नटाखाली 'लॉक' नावाची चकती ठेवून नट टिकत नाही. दोन्ही ठिकाणी विश्वास वस्तूच्या नावावर असतो आणि कामाचे मोजमाप कोणी करत नाही.

तांडेलांनी त्या दिवशी टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोराने आवळला हे दाखवणारा पाना, मागवून घेतला. प्रत्येक नट मापाने आवळून झाल्यावर त्यावर आणि इंजिनाच्या पायावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली, म्हणजे नट जरासाही फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. बंदी उठल्यावर पहिल्या फेरीनंतर ते रेघा तपासणार आहेत.