मिरचीचं पान वर वळलंय की खाली? थ्रिप्स आणि कोळी यातला फरक

कुंडीतल्या मिरचीची पानं आकसली की सगळे एकच म्हणतात, बोकड्या पडला, आणि हाताला लागेल ते औषध मारून मोकळे होतात. मीही तेच केलेलं, तीन आठवडे इमिडाक्लोप्रिड मारत बसलो आणि झाड आणखीच केविलवाणं होत गेलं, कारण औषध थ्रिप्सचं, म्हणजे फुलकिड्यांचं, आणि झाडावर होता कोळी! कोळी म्हणजे माइट, आठ पायांचा, तो मुळात कीटकच नाही, त्यामुळे कीटकांची बरीच औषधं त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकिडे मात्र मरतात.

आधी पान कुठे वळलंय ते बघा. थ्रिप्स असतील तर कडा वर येतात, पान द्रोणासारखं दिसतं. कोळी असेल तर तोच द्रोण उपडा, कडा खाली, पान अरुंद आणि देठ उगाच लांबलेला. मग पान उलटं करा. थ्रिप्सने खरवडलेल्या जागी चंदेरी चट्टे आणि त्यांच्या विष्ठेचे बारीक काळे ठिपके असतात, कोळ्याने मात्र मागची बाजू तपकिरी, कडक झालेली असते आणि शेंडा जागच्या जागी थांबतो.

अजून खात्री नसेल तर शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. थ्रिप्स साधारण १ मिलिमीटरचे, पिवळट, लांबुळके, पळताना दिसतात. हा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना सापडतच नाही, भिंग लागतं. आणि जाळी नाही म्हणजे कोळी नाही असं समजू नका, जाळी लाल कोळी विणतो, मिरचीचा शेंडा आखडवणारा हा पांढरा कोळी जाळी करतच नाही. मी नेमका इथेच फसलो होतो.

थ्रिप्सला निळे चिकट सापळे आणि स्पिनोसॅड हे कीटकनाशक, शिवाय कोषावस्था बहुतेक मातीत आणि पडलेल्या पानांत जाते म्हणून कुंडीतला पालापाचोळा उचला. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक, ८० टक्केवालं, लिटरला २ ग्रॅम, तेही संध्याकाळी, कडक उन्हात मारलं तर पानंच करपतात. निंबोळी तेल दोन्हींवर थोडंफार चालतं, पण तेल आणि गंधक यात किमान दोन आठवडे जाऊ द्या. काहीही मारा, पानाच्या मागून आणि शेंड्यात मारा, आणि ५ ते ७ दिवसांनी परत, कारण अंडी पहिल्या फवारणीत सहसा वाचतात.

कधी कधी दोन्ही एकाच झाडावर असतात, मग वर वळलेली आणि खाली वळलेली पानं शेजारीशेजारी दिसतात आणि डोकं फिरतं. तेव्हा भिंगाशिवाय इलाज नाही.

वाकडी झालेली पानं काही सरळ होत नाहीत, त्यांच्याकडे बघून परत परत औषध मारू नका. शेंड्यातून येणारं नवीन पान सपाट निघालं की फवारणी थांबवा.