किंग लिअर : अखेरचा प्रवेश

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याच्या ‘किंग लिअर’ या शोकात्मिकेतील पाचव्या अंकाचा तिसरा प्रवेश. नाटक येथेच संपते. ब्रिटनचा वृद्ध राजा लिअर याची धाकटी मुलगी कॉर्डेलिया हिला पडद्याआड फाशी दिली जाते आणि तिचा देह हातांत घेऊन आलेला लिअर प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो. २६ डिसेंबर १६०६ रोजी व्हाइटहॉलच्या राजवाड्यात पहिल्या जेम्स राजासमोर या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. इंग्रजी रंगभूमीवरील सर्वांत असह्य शेवटांपैकी हा एक मानला जातो. त्याचा अभ्यास करताना कथानक, छापील पाठांतील फरक आणि प्रयोगांचा इतिहास यांचा एकत्र विचार करावा लागतो.

प्रवेशाच्या आरंभी लिअर आणि कॉर्डेलिया युद्धकैदी आहेत. तुरुंगात आपण दोघे पिंजऱ्यातल्या पाखरांसारखे गात राहू, असे लिअर तिला सांगतो. त्या आनंदात त्याला पराभवाचेही भान उरत नाही. त्यांना घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती एडमंड (ग्लॉस्टर या सरदाराचा अनौरस मुलगा व विजयी बाजूचा सेनानी) एक चिठ्ठी देतो. तिच्यात दोघांच्या मृत्यूचा हुकूम आहे, पण प्रेक्षकांना तो वाचून दाखवला जात नाही. त्यानंतर रंगमंचावर इतक्या घटना घडतात की, या दोघांची आठवणच मागे पडते. लिअरची थोरली मुलगी गॉनरिल हिने दिलेल्या विषाने मधली मुलगी रीगन कासावीस होते, तीन वेळा तुतारी वाजते, एडमंडचा सावत्र भाऊ एडगर चेहरा झाकून पुढे येतो, भावाभावांत द्वंद्व होते आणि एडमंड घायाळ होऊन पडतो. आपला आंधळा बाप ग्लॉस्टर सुख आणि दुःख यांच्या ओढाताणीत काळीज फुटून कसा गेला, हे एडगर सांगतो. मग रक्ताळलेला सुरा घेऊन एक माणूस धावत येतो व गॉनरिलने स्वतःला संपवल्याची बातमी देतो.

लिअर आणि कॉर्डेलिया यांची आठवण होते ती केंट आल्यावर. धन्याचा निरोप घ्यायला आलेला हा जुना सेवक राजा कुठे आहे, असे विचारतो, तेव्हा केवढी मोठी गोष्ट आपण विसरलो हे गॉनरिलचा नवरा ऑल्बनी याच्या ध्यानात येते. या विस्मरणात शेक्सपिअरने प्रेक्षकालाही सामील करून घेतले आहे, आणि प्रवेशाच्या रचनेत मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मरणाच्या दारातला एडमंड आपल्या स्वभावाविरुद्ध एक चांगले काम करू पाहतो व हुकूम रद्द करण्यासाठी आपली तलवार खूण म्हणून पाठवतो. देव तिचे रक्षण करो, असे ऑल्बनी म्हणतो, आणि पाठोपाठ लिअर कॉर्डेलियाला घेऊन येतो. प्रार्थना आणि तिचे उत्तर यांच्यात जेमतेम श्वास घेण्याइतके अंतर आहे. एडमंडला आधी एकदा पाझर फुटल्यासारखे वाटते, पण तो एडगरला बोलत राहायला सांगतो. तेवढा वेळ हातचा जातो. पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या वाचकाने प्रवेश दुसऱ्यांदा वाचला, तर वाया जाणारा प्रत्येक क्षण त्याला मोजता येतो.

लिअर आल्यापासून नाटक संपेपर्यंत साधारण ७० ओळी आहेत. वादळात आकाशाला आव्हान देणाऱ्या राजाची भाषा इथे अगदी साधी होते. तो आरसा मागतो, कॉर्डेलियाच्या श्वासाने काच धुरकटली तर ती जिवंत आहे हे कळावे म्हणून. मग पीस हलल्याचे त्याला वाटते. तिला फाशी देणाऱ्याला आपण मारले, हे तो सांगतो. तिचा आवाज नेहमी मृदू असे, हेही त्याला आठवते. केंट आपली ओळख पटवू पाहतो, पण ती धड पोहोचत नाही. इतकी वर्षे निष्ठा राखलेल्या माणसाला तिची पावतीही मिळत नाही. एडमंड मेल्याची वर्दी येते, तेव्हा ती इथे क्षुल्लक बाब आहे, असे ऑल्बनी म्हणतो. मित्रांना सद्गुणाचे फळ आणि शत्रूंना करणीचा पेला मिळेल, अशी न्यायाची घोषणा तो करू लागतो. ती त्याला अर्ध्यात सोडावी लागते, कारण लिअर पुन्हा बोलू लागलेला असतो. कुत्र्याला, घोड्याला, उंदराला जीव आहे आणि तुला श्वास का नाही, या त्याच्या प्रश्नाला नाटकात कोणी उत्तर देत नाही. पुढची एक संपूर्ण ओळ ‘कधीच नाही’ अशा अर्थाचा एकच शब्द पाच वेळा उच्चारून भरली आहे. शेक्सपिअरच्या नेहमीच्या ओळीत शब्दावयवांच्या प्रत्येक जोडीत आघात दुसऱ्यावर येतो, या ओळीत तो प्रत्येक वेळी पहिल्यावर पडतो. मग लिअर कोणाला तरी गुंडी सोडायला सांगतो आणि त्याचे आभार मानतो. पहिल्या अंकात हुकमाने राज्य वाटून टाकणाऱ्या माणसाची ही विनंती आहे.

प्रवेशाचा पाठ एकसंध नाही. १६०८ च्या क्वार्टो (एकाच नाटकाची लहान आकाराची) आवृत्तीत नाटकाला इतिवृत्त म्हटले आहे, तर १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात) ते शोकात्मिकांमध्ये समाविष्ट आहे. क्वार्टोत तो ‘कधीच नाही’चा उच्चार तीनदाच येतो, त्यानंतर नुसते विव्हळणे आहे, आणि हृदया, आता फुटून जा, हे वाक्य लिअरच्याच तोंडी आहे. फोलिओत ते वाक्य केंटकडे जाते व लिअरला नवे शेवटचे शब्द मिळतात : तिच्या ओठांकडे पाहा, तिथे पाहा. नाटकाची समाप्ती करणाऱ्या चार ओळी क्वार्टोत ऑल्बनी म्हणतो, फोलिओत एडगर. राज्याचा भार कोणावर आला, याचा अर्थ त्यामुळे बदलतो. पूर्वीचे संपादक दोन्ही पाठ मिसळून एकच संहिता तयार करत. १९८६ च्या ऑक्सफर्ड समग्र आवृत्तीने ते स्वतंत्रपणे छापले. अभ्यासकाने निदान हा प्रवेश तरी दोन्ही रूपांत शेजारी ठेवून वाचावा. मिश्र संहितेत दोन वेगळी मरणे एकमेकांत विरघळतात.

ओठांकडे पाहताना लिअरला काय दिसले, हा समीक्षेतील जुना वाद आहे. कॉर्डेलिया जिवंत असल्याच्या समजुतीने तो आनंदाच्या भरात मरतो, असे समीक्षक ए. सी. ब्रॅडलीने १९०४ मध्ये मांडले. ग्लॉस्टरच्या मृत्यूचे वर्णन त्याला पूरक आहे. इतरांना तो आनंद म्हणजे भ्रमाचा कळस वाटतो, आणि म्हणून अधिक क्रूर. संहिता निर्णय देत नाही. मात्र आरशापासून ओठांपर्यंत आशा पुन्हा पुन्हा उठते आणि मोडते, तेव्हा शेवटची आशा तेवढी वेगळी मानायला आधार कमी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा शेवट शेक्सपिअरने जाणीवपूर्वक निवडला. १६०५ मध्ये छापलेल्या ‘किंग लीर’ या निनावी नाटकात राजाला राज्य परत मिळते व मुलगीही वाचते. शेक्सपिअरचा एक आधारग्रंथ असलेल्या हॉलिनशेडच्या इतिवृत्तातही लिअर पुन्हा गादीवर बसतो. पुढे बऱ्याच काळाने भाच्यांनी कैद केलेली कॉर्डेलिया आत्महत्या करते. शेक्सपिअरच्या नाटकात तिने निराशेने जीव दिला असे भासवण्याचा कट एडमंड रचतो. जुन्या कथेतील शेवट या नाटकात खुन्याच्या थापेच्या रूपाने शिल्लक राहिला आहे. कथा माहीत असलेल्या पहिल्या प्रेक्षकांना सुखान्ताची अपेक्षा असणार, हे लक्षात घेतल्याशिवाय प्रवेशाचा आघात कळत नाही.

पुढच्या काळाला तो सोसला नाही. नाहम टेट या नाटककाराने १६८१ मध्ये नाटक बदलून लिअरला जिवंत ठेवले, कॉर्डेलियाचे एडगरशी लग्न लावले आणि विदूषकाला काढून टाकले. हेच रूपांतर दीडशे वर्षे इंग्रजी रंगभूमीवर गाजले. कॉर्डेलियाच्या मृत्यूने आपल्याला इतका धक्का बसला होता की, संपादनाची वेळ येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचण्याचे धैर्य झाले की नाही हे सांगता येत नाही, असे समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने शेक्सपिअरच्या नाटकांच्या आपल्या १७६५ च्या आवृत्तीत लिहिले. टेटच्या शेवटाला लोकांनी दिलेला कौलही त्याने मान्य केला. जॉन्सनला दुर्बळ समजणे चूक ठरेल, प्रवेशाची ताकद त्याने पुरती ओळखली होती. नट एडमंड कीनने १८२३ मध्ये शोकान्त परत आणला आणि नट मॅक्रेडीने १८३८ मध्ये विदूषकासह मूळ नाटक बरेचसे पुनःस्थापित केले. विसाव्या शतकात दिग्दर्शक पीटर ब्रुकचा १९६२ चा प्रयोग आणि ग्रिगोरी कोझिंत्सेव्हचा १९७१ चा रशियन चित्रपट महत्त्वाचे ठरले.

प्रयोगात दिग्दर्शकाला कठीण जाते ती देहांची मांडणी. लिअर येण्यापूर्वीच गॉनरिल आणि रीगन यांची प्रेते रंगमंचावर आणली जातात. त्यामुळे पहिल्या प्रवेशात प्रेमाची परीक्षा देण्यासाठी उभ्या राहिलेल्या तिन्ही मुली बापाभोवती पुन्हा एकत्र येतात. क्वार्टो आणि फोलिओ या दोन्हींच्या रंगसूचनेत लिअर कॉर्डेलियाला हातांत घेऊन येतो एवढेच आहे. ती मृत असल्याचा उल्लेख नंतरच्या संपादकांनी घातला. मूळ सूचनेप्रमाणे पाहिले, तर प्रेक्षकही क्षणभर लिअरइतकाच अनिश्चित राहतो.

मराठीत विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ हा अनुवाद केला. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकाचे लिअरशी नाते सर्वपरिचित आहे, पण त्यात नायक गणपतराव बेलवलकरांना एक मुलगा आणि एक मुलगीच आहे, कॉर्डेलियाच्या जागी कोणी नाही. हातांतल्या मुलीच्या श्वासाचा शोध घेणारा बाप त्यामुळे त्या नाटकाच्या शेवटी येत नाही. तिथे मरणाऱ्या नटाच्या ओठांवर त्याच्या जुन्या भूमिका येतात.