आतित्लान: जमीन खचली, वाट बुजली

ग्वाटेमालातल्या आतित्लान सरोवराचे व्हिडिओ हल्ली वरचेवर समोर येतात. निळंशार पाणी, मागे तीन उंच ज्वालामुखी, काठाला रंगीबेरंगी कपड्यांतल्या बायका. खाली हमखास एक ओळ असते: 'मृत ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं.' ही ओळ दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. इथला ज्वालामुखी मेलेला नाही. तिघांतल्या सर्वांत उंच, ३,५३५ मीटरच्या आतित्लान शिखराचा शेवटचा उद्रेक १८५३चा, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाचा. आणि हे तळं ज्वालामुखीच्या मुखातही नाही. ज्वालामुखीचं मुख साधारण काही शे मीटर रुंद असतं, मोठं म्हटलं तरी एखाददोन किलोमीटर. आतित्लानची लांबी आहे सुमारे १८ किलोमीटर आणि खोली ३०० मीटरहून जास्त. एवढं मोठं तोंड कुठल्याच डोंगराला नसतं. इथे डोंगर फुटला म्हणण्यापेक्षा जमीनच खाली बसली, असं म्हणायला हवं. या सरोवराच्या वाट्याला पुढे जे जे आलं, ते या खचण्यापासून सुरू होतं, म्हणून ते नीट समजून घेऊ.

आधी जागा बघू. मध्य अमेरिकेच्या पश्चिम उंचवट्यावर, सोलोला नावाच्या जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटरवर हे सरोवर आहे. उत्तरेला पाण्यातून सरळ उठणारे उभे कडे. दक्षिणेला सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान हे तीन ज्वालामुखी; खड्डा तयार झाल्यानंतर त्याच्याच काठावर ते उभे राहिले. पॅसिफिक महासागर तिथून फार दूर नाही, आणि या सगळ्याचं मूळ तिकडेच आहे.

ग्वाटेमालाच्या किनाऱ्याबाहेर कोकोस नावाचं सागरी भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, वर्षाला सुमारे ७ सेंटीमीटर वेगाने जमिनीखाली शिरतंय. दोन भूपट्टं घासतात, उष्णता होते आणि खडक वितळतो, असं बरेच जण समजतात. खरं कारण वेगळं आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं. खडक वितळतो तो पाण्यामुळे. समुद्रतळाचा खडक लाखो वर्षं पाण्यात मुरलेला असतो, पाणी त्याच्या खनिजांच्या रचनेतच बसलेलं असतं. हे भूपट्ट साधारण १०० किलोमीटर खोल गेलं की दाबाने आणि उष्णतेने ती खनिजं मोडतात आणि पाणी सोडून देतात. ते पाणी वरच्या तप्त प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, शिरतं. कोरडा खडक ज्या तापमानाला घट्ट राहिला असता, त्याच तापमानाला ओला खडक वितळू लागतो. म्हणजे खाली जाणारं भूपट्ट थंडच असतं, ते फक्त पाणी पोचवतं.

असा तयार झालेला शिलारस सुरुवातीला आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचाच भाऊबंद असतो. त्यात सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, असते पन्नास टक्क्यांच्या आसपास. तो वर चढता चढता कवचात अडकतो आणि हळूहळू निवतो. निवताना आधी जे स्फटिक बनतात त्यांत सिलिका कमी असते, आणि पाणी जवळजवळ नसतंच. ते वेगळे होऊन तळाशी बसतात. मागे उरलेल्या रसात सिलिका वाढत वाढत सत्तर टक्क्यांच्या पुढे जाते, आणि पाणीही त्यातच साठत जातं. हजारो वर्षं हे चाललं की काही किलोमीटर खोलीवर एक अवाढव्य साठा तयार होतो. रस अतिशय चिकट, आणि त्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत पाणी विरघळलेलं.

चिकटपणा का वाढतो? सिलिकॉनचा एक अणू ऑक्सिजनच्या चार अणूंशी जोडला जाऊन चौफलकासारखी आकृती करतो. सिलिका जास्त असली की हे चौफलक कोपऱ्याला कोपरा जोडून वितळलेल्या अवस्थेतही लांबलचक जाळी विणतात. बेसाल्टी रसात मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असल्यामुळे ही जाळी जागोजागी तुटते, म्हणून तो वाहतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये असाच रस थरावर थर पसरत गेला, म्हणून आपल्या घाटांत पायऱ्यापायऱ्यांचे आडवे कडे दिसतात. आतित्लानखालचा रस त्याच्या लाखो पट चिकट होता. तो तसा पसरत वाहणं शक्यच नव्हतं.

आता दाब कमी झाला की काय होतं ते पाहा. खोलवर पाणी रसात विरघळून राहतं ते केवळ वरच्या खडकाच्या भारामुळे. रस थोडा वर सरकला, छताला तडा गेला, भार हलका झाला की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरू लागतात. बुडबुडे झाले की रस हलका होतो, आणखी वर येतो, दाब आणखी घटतो, बुडबुडे आणखी वाढतात. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. गुऱ्हाळात काहिलीतला उसाचा रस पातळ असतो तेव्हा बुडबुडे सहज वर येऊन फुटतात; पाक घट्ट होत आला की तेच बुडबुडे आत अडकतात आणि फुटताना चटका बसेल असा पाक उडवतात. इथे तर पाकाच्या जागी ९०० अंशांच्या आसपास तापलेला खडक. पाच टक्के पाणी असलेला एक घनमीटर रस पृष्ठभागावर आणला, तर त्यातली वाफ सहाशेहून जास्त घनमीटर जागा मागते. शाळेतलं वायूंचं समीकरण वापरून हे कुणीही ताडून पाहू शकतं.

एवढ्या फुगवट्यापुढे रस सलग राहूच शकत नाही, त्याच्या चिंधड्या उडतात. ज्वालामुखीची राख ती हीच. काही जळून मागे उरतं ती ही राख नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ती काच असते: वाकड्या कडांचे, तीन टोकांचे पारदर्शक तुकडे. जिथे तीन बुडबुडे एकमेकांना टेकले होते, तिथली त्यांच्यामधली भिंत गोठून तसाच आकार घेऊन राहिलेली. एका कणावरून त्या क्षणी रस किती फसफसत होता ते कळतं.

या उद्रेकाला लोस चोकोयोस म्हणतात. त्याचं वय बराच काळ ८४ हजार वर्षं मानलं जायचं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या मापनांनी ते ७५ हजारांच्या आसपास आणलं आहे. बाहेर पडलेला माल शेकडो घनकिलोमीटर होता. राख आणि प्युमिस (बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला हलका दगड) यांचे तप्त लोट दऱ्याखोऱ्यांत भरले, आणि आज ग्वाटेमालाच्या पठारी भागात रस्ता कापला की त्या लोटांच्या पांढुरक्या उभ्या भिंती उघड्या पडतात. पॅसिफिकच्या आणि मेक्सिकोच्या आखाताच्या तळातल्या गाळातही हा थर सापडतो, आणि समुद्रशास्त्रज्ञ तो कालमापनाची खूण म्हणून वापरतात.

आणि आता खचणं. साठा रिकामा होऊ लागला की त्याच्यावरच्या छताला खालून आधार राहत नाही. छताभोवती गोलाकार भेगा पडतात आणि कित्येक किलोमीटर रुंदीचा जमिनीचा तुकडा दट्ट्यासारखा खाली जातो. खाली जाताना तो उरलासुरला रस दाबतो, तो रस त्याच गोल भेगांमधून आणखी जोराने बाहेर येतो. मुखाजवळ सुरू झालेला उद्रेक मग पूर्ण कडेने होऊ लागतो. शेवटी उरतो तो खड्डा, म्हणजे काल्डेरा.

या खड्ड्याने प्रदेशाची पाणवाट मोडली. दक्षिणेला पॅसिफिककडे जाणारा उतार होता, पण तिकडे नंतर तीन ज्वालामुखी उभे राहिले. आज किस्काब आणि पानाहाचेलजवळून येणारी सान फ्रान्सिस्को या नद्या सरोवरात पाणी आणतात. सरोवरातून बाहेर पडणारी नदी एकही नाही.

इथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ज्या तळ्यातून पाणी फक्त वाफ होऊन जातं, ते खारं होत जायला हवं, कारण क्षार वाफेबरोबर जात नाहीत. आपलं लोणार पाहा: उल्कापाताचा खड्डा, बाहेर वाट नाही, आणि पाणी इतकं खारं व अल्कधर्मी की २०२० साली क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांनी ते गुलाबी केलं. आतित्लान मात्र गोडं आहे. म्हणजेच पाणी कुठून तरी झिरपून जात असलं पाहिजे, भेगाळलेल्या ज्वालामुखी खडकांतून खालच्या खाली. ४ फेब्रुवारी १९७६च्या भूकंपात मोताग्वा प्रस्तरभंग, म्हणजे जमिनीतली एक मोठी भेग, सरकला, देशात सुमारे २३ हजार माणसं गेली, आणि त्यानंतर सरोवराची पातळी झपाट्याने उतरली. जमिनीखालच्या भेगा मोकळ्या झाल्या, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

अशा तळ्याची पातळी आपल्याला सोयीच्या जागी थांबत नाही. पाण्याखाली सामाबाह नावाची माया लोकांची वस्ती सापडली आहे. पायऱ्या, घरांचे चौथरे, कोरीव दगड सगळं बुडालेलं. दोन हजार वर्षांच्या आसपासचं ते बांधकाम आहे, आणि ते पाण्याखाली जाण्याचं कारण पातळीचं चढणंच. २०१०च्या आगाथा वादळानंतरही पाणी काही मीटर वर आलं आणि काठावरची हॉटेलं, बंगले, बागा त्यात गेल्या. पाणी चढतं-उतरतं हे काठावरच्या जुन्या लोकांना पिढ्यान्पिढ्या माहीत होतं. काठाला लागून बांधकाम करण्याची हौस बाहेरून आलेल्यांची.

माया म्हटलं की आपल्याकडे अजून २०१२ आठवतं. २१ डिसेंबरला जग बुडणार म्हणून वाहिन्यांनी महिनोन्‌महिने लोकांना घाबरवलं, आणि वर हे सांगितलं की माया ही 'लुप्त झालेली गूढ जमात'. ग्वाटेमालात आज साठ लाखांवर माया माणसं राहतात. आतित्लानच्या काठी काक्चिकेल, त्सुतुहिल आणि किचे बोलणारे शेतकरी आहेत, मका-कांदा-कॉफी पिकवणारे, मासे धरणारे, कमरेला बांधायच्या मागावर कापड विणणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या पंचांगातलं एक मोठं चक्र त्या दिवशी संपलं आणि दुसरं सुरू झालं, एवढंच. जिवंत समाजाला लुप्त ठरवून त्याच्या नावावर भीती विकणं मला अजूनही संतापजनक वाटतं.

बंद खोऱ्यात जीवसृष्टीही बंदिस्त होते. आतित्लानमध्ये टिबुकली या पाणपक्ष्याच्या कुळातला एक मोठा पक्षी होता, जगात फक्त इथेच. स्थानिक लोक त्याला पोक म्हणत. उडता येत नसल्यामुळे त्याला दुसरीकडे जाणं अशक्य होतं. १९५८ साली शौकिनांच्या मासेमारीसाठी, पर्यटक यावेत म्हणून, सरोवरात उत्तर अमेरिकेतला ब्लॅक बास मासा सोडला. या माशाने छोटे मासे आणि खेकडे फस्त केले. तेच पोकचं खाणं होतं आणि काठावरच्या कोळ्यांचंही. बास पोकची पिल्लंही गिळायचा. १९६०च्या सुमारास दोनशेच्या आसपास असलेले पोक पाच वर्षांत ऐंशीवर आले. अ‍ॅन लाबास्तील या अमेरिकी संशोधिकेने राखीव जागा आणि पहारा उभारून संख्या पुन्हा वाढवली. पण मग भूकंपाने पाणी उतरलं, घरट्यांचं गवत कोरडं पडलं, देशात यादवी होती, राखणदाराचा खून झाला. १९८०च्या दशकाअखेरीस पोक संपला.

२००९च्या नोव्हेंबरात उपग्रहांनी वेगळंच चित्र टिपलं. सरोवराच्या पृष्ठभागाचा सुमारे ४० टक्के भाग हिरवट-तपकिरी तवंगाने झाकलेला. ते सायनोबॅक्टेरिया होते, म्हणजे वनस्पतींसारखे उन्हावर वाढणारे सूक्ष्मजीव; लिम्नोराफिस नावाचे, धाग्याधाग्यांचे. पाण्यात वनस्पतींच्या वाढीला बहुधा नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडतो. या जीवांना हवेत मुबलक असलेला नायट्रोजन वापरता येतो, म्हणून फॉस्फरस मिळाला की त्यांना अडवणारं काही उरत नाही. तो फॉस्फरस येतो गावांच्या सांडपाण्यातून, खतांतून आणि उतारावरून धुपलेल्या मातीतून. २००५च्या स्टॅन वादळात तर डोंगराच्या चिखलाने सान्तियागो आतित्लानजवळची पानाबाह ही वस्ती शेकडो माणसांसह गाडली गेली. बाहेर जाणारी नदी असलेल्या तळ्यातून असला माल निदान थोडा वाहून जातो. इथे तो तळाशी बसतो, लोहाशी बांधला जातो, आणि तळाचा ऑक्सिजन संपला की लोहाची पकड सुटून पुन्हा पाण्यात येतो. म्हणजे आज सांडपाणी पूर्ण थांबवलं तरी जुना साठा काही काळ वर येतच राहणार.

यावर एक मोठी योजना मांडली गेली: काठाकाठाने नळ टाकून सगळं सांडपाणी गोळा करायचं आणि डोंगरापलीकडे दक्षिणेच्या शेतांकडे न्यायचं. निसर्गाने बुजवलेली वाट माणसाने पुन्हा काढायची, असाच तिचा अर्थ. काठावरच्या अनेक माया गावांनी तिला विरोध केला. आमचं पाणी आमच्या खोऱ्यातून कोण नेणार आणि कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो मला रास्त वाटतो. सान पेद्रो ला लागुना गावाने २०१६ साली प्लास्टिकच्या पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोलवर स्वतःच बंदी घातली. म्हणजे नियम करून पाळायची तयारी तिथे आहे. पण गावोगावी सांडपाणी शुद्ध करायचं म्हटलं तर एक अडचण आहे. साधी प्रक्रिया घाण आणि दुर्गंधी घालवते, विरघळलेला फॉस्फरस बराचसा तसाच सोडते. त्यासाठी तुरटीसारखे क्षार घालून तो साक्यात बसवावा लागतो, आणि तो साका पुन्हा शेतातून धुऊन सरोवरात येणार नाही अशा ठिकाणी न्यावा लागतो. त्याचा खर्च दर महिन्याला, कायम, चालू ठेवावा लागतो.