जी उत्तर विभाग (मुंबई)

जी उत्तर हा बृहन्मुंबई महानगरपालिकेचा एक प्रशासकीय विभाग. दादर पश्चिम, शिवाजी पार्क, माहीम, माटुंगा पश्चिम आणि धारावी एवढा मुलूख त्यात येतो. रोजच्या बोलण्यात त्याला ‘जी नॉर्थ’ म्हणतात आणि त्याच्या कार्यालयाला नुसते ‘वॉर्ड ऑफिस’. हे कार्यालय दादर पश्चिमेला प्लाझा सिनेमाच्या मागे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार विभागाची लोकसंख्या सुमारे सहा लाख होती.

मुंबईच्या विभागांना ‘ए’पासून ‘टी’पर्यंत इंग्रजी अक्षरे दिलेली आहेत. मधली आय, जे, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरलेली नाहीत. काही अक्षरांचे मात्र उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम असे भाग पाडले आहेत. या पद्धतीने बराच काळ शहराचे २४ विभाग होते. ‘ए’ ते ‘जी’ म्हणजे मूळ बेटाचे शहर, ‘एच’पासून पुढे उपनगरे. जी उत्तर त्यामुळे जुन्या मुंबईच्या टोकाला येतो. उत्तरेला माहीमची खाडी आणि मिठी नदी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला प्रभादेवी-वरळीचा जी दक्षिण विभाग. दादर स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला उतरले की विभाग बदलतो. एकाच दादरच्या दोन बाजूंचे रहिवासी जन्माचा दाखला काढायला दोन वेगळ्या कार्यालयांत जातात, ते यामुळेच.

वस्ती म्हणून यातले सर्वांत जुने माहीम. सात बेटांपैकी हे एक, आणि परंपरेने बिंबराजाची राजधानी. मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) या विद्वान सूफींचा दर्गा, सेंट मायकल चर्च, शीतलादेवीचे मंदिर आणि कोळीवाडा ही सगळी ठिकाणे चालत हिंडता येतील एवढ्या अंतरात आहेत. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी १८४५ पर्यंत लोक होडीने ओलांडत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नीने पैसे दिले तेव्हा तिथे रस्ता झाला. दादर-माटुंग्याची आखणी त्यानंतर बऱ्याच काळाने झाली. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचे धोके दाखवले, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि रुंद रस्ते, मोकळी मैदाने, दोन-तीन मजली इमारती असे नवे शहर उत्तरेकडे वाढले. शिवाजी पार्क १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ या नावाने खुले झाले. १९२७ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. मैदानाची लाल माती उन्हाळ्यात उडून भोवतालच्या घरांत शिरते, खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवले की बोटाला लागते. ही धूळ बसवणे हे विभाग कार्यालयाचे कायमचे काम होऊन बसले आहे.

रेल्वेच्या पश्चिम आणि मध्य मार्गांच्या बेचक्यात धारावी आहे. तिचे क्षेत्रफळ सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आसपास. मूळचा कोळीवाडा, सौराष्ट्रातून आलेल्यांचा कुंभारवाडा, तमिळनाडूतून आलेल्यांनी वाढवलेला चामड्याचा धंदा, शिवणकाम, प्लॅस्टिक वेचून-वितळवून पुन्हा वापरात आणणारे गाळे असा इथला संसार. इंग्रज गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या काळात, १७३७ मध्ये, मिठीच्या काठावर बांधलेला काळा किल्ला आज वस्तीने वेढलेला आहे. जवळच, जुन्या कचराभूमीवर माती टाकून झाडे लावली आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. सदतीस एकरांची ती राई पाहिल्याशिवाय धारावी पाहिली असे म्हणू नये.

या नोंदीत धारावीला जास्त जागा देणे मला आवश्यक वाटते, कारण विभागातील बरेचसे काम तिथले असते. घरात शौचालय नसलेल्यांची संख्या मोठी, म्हणून सार्वजनिक शौचालयाची मलवाहिनी तुंबली की शेकडो कुटुंबांची सकाळ अडते. पाण्याचेही तसेच. मुंबईचे पाणी दूरच्या तलावांतून येते आणि शहरभर ठरावीक वेळीच सोडले जाते. जलखात्याचा चावीवाला लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून येतो, रस्त्यातले झाकण उचलतो, चावी आत बसवून अंगाचा भार देत फिरवतो. त्यानंतर थोड्या वेळाने गल्लीतल्या नळांना फुसफुस सुरू होते आणि हंडे, पिंपे सरकू लागतात. शिवाजी पार्कच्या सोसायटीत हेच पाणी टाकीत चढते, तिथे चावीवाल्याची वेळ कुणाला ठाऊक नसते. एकाच कार्यालयाच्या हाताखालची ही दोन टोके आहेत.

कोविडच्या साथीत याच कार्यालयाची परीक्षा झाली. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण आढळला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ माणसे असताना ‘अंतर ठेवा’ सांगण्यात अर्थ नव्हता. तेव्हा विभागाचे प्रमुख, म्हणजे सहायक आयुक्त, किरण दिघावकर होते. पालिकेने रुग्णांची वाट न पाहता गल्लोगल्ली ताप तपासणी शिबिरे घेतली, वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतले, शाळा आणि क्रीडासंकुलात विलगीकरण कक्ष उघडले, सार्वजनिक शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणता येते याचे उदाहरण म्हणून धारावीचे नाव घेतले. त्याचे श्रेय दारोदार फिरलेल्या आरोग्यसेविकांना आणि सफाई कामगारांना आधी द्यायला हवे.

विभागाचा प्रमुख सहायक आयुक्त असतो. जुने लोक अजूनही ‘वॉर्ड ऑफिसर’ म्हणतात. घनकचरा, जलखाते, परिरक्षण (देखभाल-दुरुस्ती), इमारत व कारखाने, अनुज्ञापन (परवाने), अतिक्रमण निर्मूलन, करनिर्धारण, कीटकनाशक, उद्यान अशी खाती त्याच्या देखरेखीखाली चालतात. २०१७ च्या निवडणुकीत विभागात १८२ ते १९२ असे अकरा प्रभाग, म्हणजे नगरसेवकांचे मतदारसंघ, होते. त्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती कारभार गेला. धारावीच्या पुनर्विकासाचे काम मात्र राज्य शासनाच्या स्वतंत्र यंत्रणेकडे आहे. त्याची निविदा २०२२ मध्ये अदानी समूहाला मिळाली. त्यामुळे धारावीतला माणूस गटारासाठी एका दाराशी जातो आणि घरासाठी दुसऱ्या.

पावसाळ्यात पाणी विभागाच्या सीमा जुमानत नाही. रेल्वेपलीकडच्या हिंदमाता परिसरात तुंबणारे पाणी जी उत्तरमधल्या प्रमोद महाजन कला उद्यानाखालच्या भूमिगत टाकीत आणून साठवतात आणि भरती ओसरल्यावर सोडतात.

वर्षातले सर्वांत मोठे काम डिसेंबरमध्ये येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी चैत्यभूमी उभी आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, महाराष्ट्रातून आणि बाहेरून लाखो अनुयायी येतात. त्यांच्यासाठी शिवाजी पार्कवर मंडप, नळांच्या रांगा, फिरती शौचालये, दिवे, आरोग्य कक्ष उभे करण्याची तयारी कित्येक दिवस आधी सुरू होते. मैदानात पुस्तकांचे स्टॉल लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या बाया डोक्यावरचे गाठोडे उतरवून आधी नळाशी जातात, बाटली भरतात, मग रांगेत उभ्या राहतात. ७ तारखेला पहाटे सफाई कामगार मैदानात उतरतात.