तेर्त्सा रीमा

तेर्त्सा रीमा : तीन-तीन ओळींची कडवी यमकांनी एकमेकांत गुंफणारा इटालियन छंद. फ्लॉरेन्सचा कवी दान्ते आलिग्येरी (१२६५–१३२१) याने तो 'दिव्हिना कोम्मेदिया' या महाकाव्यासाठी घडवला. १३०२ मध्ये विरोधी गटाने त्याला हद्दपार केले; त्यानंतरच्या परमुलखातल्या वर्षांत हे काव्य सिद्ध झाले. दान्तेचा मृत्यू रावेन्नात झाला.

कडव्याची पहिली आणि तिसरी ओळ एका यमकाची असते. मधल्या ओळीचे यमक पुढच्या कडव्याची पहिली-तिसरी ओळ उचलते : अबअ, बकब, कडक. काव्याच्या पहिल्या नऊ ओळींचे अंत्य शब्द पाहिले की रीत उलगडते : वीता, ओस्कुरा, स्मार्रीता; दुरा, फोर्ते, पाउरा; मोर्ते, त्रोवाइ, स्कोर्ते. सर्ग मिटवायला शेवटी एक सुटी ओळ येते आणि अखेरच्या मधल्या ओळीशी जुळते. ती नसेल तर ते यमक एकटे पडते. म्हणून सर्गाच्या ओळींना तीनने भागले की बाकी नेहमी एक उरते. सर्वांत लहान सर्ग ११५ ओळींचे, सर्वांत मोठा १६० ओळींचा. १०० सर्गांच्या मिळून १४,२३३ ओळी.

ओळ अकरा अक्षरांची, दहाव्यावर आघात. लागून आलेले दोन स्वर बहुधा एकच मोजतात : 'सेल्वा ओस्कुरा'मधले 'वा' आणि 'ओ' मिळून एक अक्षर. हे सुटले की ओळ उगाच लांब वाटते.

दान्तेच्या हस्ताक्षरातली प्रत उरलेली नाही, सगळा भरवसा नकलकारांवर. तिथे या छंदाने मोठेच काम केले : एखादे कडवे गळले किंवा कोणी पदरचे घुसडले, तर साखळी तुटते आणि चूक लगेच उघडी पडते.

पुढे बोकाच्चो आणि पेत्रार्क या इटालियन कवींनी हाच छंद वापरला. इंग्रजीत तिसरे यमक मिळवताना दमछाक होते. इंग्रज कवी शेलीने १८१९ च्या 'ओड टू द वेस्ट विंड'मध्ये दर चार कडव्यांनंतर जोडओळ देऊन साखळी थांबवली. मराठीत अडचण उलटी आहे. 'राहिला, पाहिला, वाहिला' अशी क्रियापदांची यमके हवी तितकी मिळतात आणि त्यांनीच रचना सपक होते. मधल्या ओळीअखेर शक्यतो नाम घ्यावे, आणि त्याचे पुढचे दोन जोडीदार हाती आल्याशिवाय ती ओळ पक्की करू नये.