ठराव नाही म्हणून नियम टळत नाहीत

‘नगर परिषदेने ठराव केला नाही, तर राज्याची बांधकाम संहिता लहान शहराला लागूच होत नाही’ हा समज जुना आहे. कॅलिफोर्नियात तरी तो साफ चूक. तिथली संहिता, ‘टायटल २४’, दर ३ वर्षांनी नव्याने निघते आणि प्रसिद्धीनंतर १८० दिवसांनी राज्यभर अमलात येते. परिषद गप्प बसली तरीही. २०२२ ची आवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून अशीच लागू झाली.

मग ठराव कशासाठी? मुख्यतः स्थानिक बदलांसाठी. तिथेही मोकळं रान नाही. हवामान, भूगर्भ किंवा भूरचनेमुळे बदल गरजेचा आहे, हे लेखी नोंदवून राज्याच्या बिल्डिंग स्टँडर्ड्स कमिशनकडे दाखल करावं लागतं. तोवर बदल कागदावरच. शिवाय नियम कडक करता येतात, सैल नाही. (२०२५ पासून घरांबाबतच्या बदलांवर राज्याने आणखी बंधनं घातली आहेत.)

अंमलबजावणी मात्र शहराचीच: नकाशे तपासणं, परवाना, जागेवरची पाहणी. स्वतःचा निरीक्षक परवडत नसेल तर हे काम काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाला) किंवा खासगी कंपनीला कंत्राटाने देतात. आणि नवी आवृत्ती आली म्हणून आधी रीतसर परवान्याने बांधलेलं घर बेकायदा ठरत नाही.